वल्लरीचं लाटव्हियन क्रियापद

वल्लरी गद्रेचं बाळ काचेच्या पेटीत होतं आणि वल्लरीला दूध येत नव्हतं. त्या दिवसांत जगात याखेरीज आणखीही काही घडत असणार, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही.

बाळाला यायची भलतीच घाई. सहावा महिना सरतोय न सरतोय तोच आलं. आइंडहोवनच्या मराठी बायकांनी डोहाळजेवणासाठी एका शाळेचा हॉल ठरवून ठेवला होता. फुलांचे दागिने पुण्याहून मागवायचे की इथल्या फुलवाल्याकडून करून घ्यायचे, यावर ग्रुपवर घनघोर चर्चा चालली होती. ती चर्चा संपायच्या आत बाळ हजर. वजन म्हणाल तर अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा थोडंसं जास्त. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. पापण्या अजून एकमेकींना चिकटलेल्या. नाकातोंडात नळ्या, डोक्यावर कुणा परोपकारी डच आजीने विणून दिलेली टोपी. इथल्या कायद्याप्रमाणे नाव लगेच नोंदवावं लागतं, म्हणून तिच्या नवऱ्याने, अद्वयने, गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत जाऊन ‘रुचिर’ असं नोंदवलं. नर्सेस त्याला ‘रुखीर’ म्हणायच्या. आईबाप मात्र ‘बाळ’च म्हणायचे, कारण बारशाआधी नाव उच्चारायचं नाही असं आजीने पुण्याहून बजावलं होतं.

मराइके नावाची एक उंच, शांत नर्स होती. तिने पहिल्याच दिवशी वल्लरीच्या पलंगावर बसून सगळं नीट सांगितलं. एवढ्या लवकर आलेल्या बाळाचं आतडं फार कोवळं असतं, कधी कुजेल सांगता येत नाही, आणि त्यावर आईच्या दुधासारखं दुसरं औषध नाही. थेंबभर आलं तरी चालेल, नळीतून देऊ. तोवर दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध आहेच. ‘‘आणि तुला जमेल तेव्हा,’’ ती म्हणाली, ‘‘त्याला छातीशी धर. उघड्या अंगाशी उघडं अंग. नळ्या आम्ही सांभाळू.’’

वल्लरीने यातलं दुधाचं तेवढं ऐकलं. दुसऱ्या बायकांचं दूध आपल्या पोराला मिळतंय याबद्दल तिला कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटली ती लाज. दुधाची तहान ताकावर भागवतोय असं तिला वाटायचं, आणि ती तहान पोराला लागायच्या आधी तिलाच लागली होती.

पुण्याहून कुमुदिनीबाईंचा, म्हणजे तिच्या आईचा, सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल. त्यांचा व्हिसा अडकला होता, नाहीतर त्या उडत आल्या असत्या.

‘‘अळीव मिळतात का तिथे?’’

‘‘मिळतात गं आई. अद्वयने आणलेत.’’

‘‘नारळाच्या पाण्यात भिजव. आणि हे बघ, त्या नर्सा बाळाला बाहेर काढा म्हणतील, तू अजिबात काढू देऊ नकोस. गारठा लागायचा. आपल्याकडे पुऱ्या दिवसांचं पोरसुद्धा आपण कानटोपी बांधून, धुरी-शेक देऊन ठेवतो, आणि हे तर एवढंसं! पेटीत ऊब आहे, राहू दे त्याला पेटीत. तू दुधाचं बघ. बाकीचं डॉक्टर बघतील. आईचं काम दूध.’’

आता कुमुदिनीबाईंना दोष द्यायचा तर खुशाल द्यावा, पण हजार वर्षं आपल्या बायका हेच सांगत आल्या आणि त्यावरच पोरं जगली. वल्लरीला ते मनापासून पटलं. खरं तर तिला त्या एवढ्याशा जिवाला हात लावायची भीती वाटत होती. आईच्या सांगण्याने त्या भीतीला चांगलं घरचं कारण मिळालं.

वल्लरी छत्तीस वर्षांची. पुण्यात सहकारनगरात वाढलेली. वडील शशिकांतराव विमा कंपनीत, आई शाळेत संस्कृत शिकवायची. मोठा भाऊ सुबोध वेळेवर इंजिनिअर झाला आणि घराण्याचं कर्तव्य त्याने उरकून टाकलं, त्यामुळे हिला वाट्टेल ते शिकायची मुभा मिळाली. हिने शब्द घेतले. पानात आमटी वाढली की हिला आमटीपेक्षा ‘आमटी’ कुठून आली याची चिंता. बाप म्हणायचा, ‘‘अगं, स्वयंपाकघरातून आली, जेव.’’ पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती नेदरलँड्सला आली, ती राहिलीच. नायमेखनला जुन्या युरोपीय भाषांच्या एका व्युत्पत्तिकोशाचं काम चाललं होतं, त्यात तिला चिकटायला मिळालं. चिकटणं म्हणजे करारावर. करार संपत आला की दुसरा मिळेपर्यंत जीव टांगणीला. अद्वय आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात. त्याची नोकरी पक्की, म्हणून दोघांनी न्यूनेनला घर घेतलं. न्यूनेन शांत गाव. इतकं शांत की रविवारी दुपारी कुकरची शिट्टी झाली तर शेजारी खिडकीतून बघतात.

वल्लरीच्या वाट्याला कोशातली बाल्टिक भाषांची क्रियापदं आली होती, आणि गरोदरपण सुरू झालं तेव्हा ती ज्या शब्दाशी झटत होती तो होता ‘स्लाउक्त’. लाटव्हियन भाषेत दूध काढणं. गाईचं, शेळीचं, कुणाचंही.

त्यातली गंमत अशी. शेजारचे लिथुएनियन लोक याच कामाला ‘मेल्झ्ती’ म्हणतात. ते डचांच्या ‘मेल्कन’च्या आणि इंग्रजांच्या ‘मिल्क’च्या घराण्यातलं, जुनं, खानदानी क्रियापद. लाटव्हियन लोकांकडेही ते कधीतरी असणार. पण त्यांनी ते टाकून दिलं आणि दूध काढायला घेतला तो ‘स्लाउक्त’, ज्याचा सख्खा भाऊ ‘स्लाउत्सीत’ म्हणजे पुसणं, झाडणं. अंगणातला केर, टेबलावरचा ओघळ, गालावरचे अश्रू, सगळ्यांना तेच क्रियापद. म्हणजे मूळ अर्थ हात फिरवणं, वरून खाली निपटत नेणं, आणि त्यातून केव्हातरी दूध काढणं आलं. आपण मराठीत धार काढतो. जे बाहेर येतं त्याच्यावरून आपण कामाला नाव दिलं. लाटव्हियन लोकांनी हाताच्या हालचालीवरून दिलं. संस्कृतातही एक पुसणारा धातू आहे, ‘मृज्’, ज्यातून आपलं मार्जन आलं. जुने पंडित म्हणत की हा त्या ‘मिल्क’चाच भाऊ. नवे पंडित म्हणतात, छे, यात र आहे, त्यात ल आहे, घराणीच निराळी. वल्लरी नव्या पंडितांतली, तरी तिचं मन जुन्यांकडे ओढ घ्यायचं. पुसणं आणि दूध यांचं काहीतरी नातं आहे असं तिला आतून वाटे. काय, ते सांगता येईना.

‘‘तू कधी गाय पिळताना पाहिलीयस?’’ तिच्या म्हाताऱ्या डच प्राध्यापकाने एकदा विचारलं.

पाहिली कुठली! सहकारनगरात दूध पिशवीतून यायचं आणि कात्रीने निघायचं. मग पाचव्या महिन्यात, पोट सांभाळत, ती सायकलवरून न्यूनेनबाहेरच्या एका गोठ्यात जाऊन आली. तिथे माणूसच नव्हता, यंत्र होतं. गाय आपल्या पायांनी चालत त्या खोक्यात शिरायची, खालून एक लोखंडी हात यायचा आणि आधी फिरत्या ब्रशांनी तिचे सड पुसून घ्यायचा. मग नळ्या लागायच्या. ‘‘स्वच्छतेसाठी का?’’ तिने विचारलं. शेतकरी म्हणाला, त्यासाठीही, पण मुख्य म्हणजे पुसल्याशिवाय गाय सोडत नाही. अंगावर काहीतरी फिरलं की तिला वाटतं वासरू आलं. वल्लरी तिथेच, शेणात उभी राहून, आनंदाने हसायला लागली. शेतकऱ्याला वाटलं बाईला कळा सुरू झाल्या. घरी येऊन तिने अद्वयला सांगितलं, ‘‘सापडलं मला. पुसणं ही पहिली पायरी आहे. पुसलं की दूध येतं, म्हणून पुसणं म्हणजेच दूध काढणं झालं!’’ अद्वय म्हणाला, ‘‘ग्रेट. चहा घेणार?’’ एवढा सुखाचा दिवस तिला पुन्हा मिळाला नाही.

इस्पितळात पंपाची एक वेगळी खोली होती. डच भाषेत पंपाने दूध काढायला ‘कोल्वन’ म्हणतात, म्हणून ती कोल्फकामर. आत मऊ खुर्च्या, मंद दिवा, दारावर सरकवायची पाटी: आत कुणी आहे, नाही. वल्लरी त्या खोलीत राहायलाच गेली म्हणा ना. यंत्र लावायचं, ते घर्र घर्र ओढायचं, आणि बाटलीच्या तळाशी ओल धरायची, बस. ती ओलसुद्धा मराइके कापसाच्या बोळ्यावर घेऊन बाळाच्या ओठांना लावायची आणि जणू तांब्या भरला असं कौतुक करायची. त्या कौतुकाने वल्लरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अद्वय ऑफिस सुटलं की यायचा आणि पेटीशेजारी बसायचा. पेटीला हात घालायला दोन गोल खिडक्या होत्या. त्यातून हात घालून तो बाळाच्या डोक्यावर एक तळवा आणि पायांवर एक तळवा ठेवायचा, नर्सने शिकवला तसा, आणि तासन् तास तसाच बसायचा. हा माणूस एरवी दहा मिनिटं एका जागी न बसणारा.

‘‘वल्लरी, आज तू धरतेस का त्याला? मराइके म्हणते स्टेबल आहे.’’

‘‘आधी दूध येऊ दे.’’

‘‘अगं, पण त्याचा आणि दुधाचा—’’

‘‘आईचं म्हणणं आहे गारठा लागेल. आणि मी धरून बसले तर पंपाची वेळ चुकते. तू बस ना त्याच्याजवळ. मी माझं काम करते.’’

मराइके रोज विचारायची, वल्लरी रोज उद्यावर ढकलायची. डच माणूस फार आग्रह करत नाही. आपल्याकडची एखादी जाडजूड सुईण असती तर दोन शिव्या हासडून तिने पोर हिच्या उरावर ठेवलं असतं. इथे मराइके ‘तुझं तू ठरव’ म्हणून हसून निघून जायची.

पंपाच्या खोलीत आणखी एक बाई यायची, दाइगा. रुंद खांद्यांची, केस उंच बांधलेली, काकड्यांच्या काचघरात वेचणीचं काम करणारी. तिची मुलगी थोडी मोठी होऊन जन्मली होती, दिवसागणिक सुधारत होती. दाइगा खुर्चीत बसली की दोन बाटल्या भरायच्या. वल्लरीने तिच्याकडे बघायचंच सोडलं होतं. एके सकाळी दाइगा फोनवर आईशी बोलत होती आणि त्या बोलण्यात वल्लरीच्या कानावर आलं, ‘अत्स्लाउक्त’. काढून घेणं. दूध काढून घेणं.

वल्लरी ताडकन् सरळ झाली. पंप सुटून मांडीवर पडला.

‘‘तू लाटव्हियाची? तू आत्ता काय म्हणालीस? परत म्हण.’’

दाइगा घाबरली. तिला वाटलं आपण काही वावगं बोललो. मग वल्लरीने मोडक्यातोडक्या डचमध्ये आणि इंग्रजीत तिला सगळं ऐकवलं: ती स्वतः या शब्दावर काम करते, तो पुसण्यापासून आलाय, शेजाऱ्यांचा शब्द वेगळा आहे, गोठ्यातल्या ब्रशाचंसुद्धा. इतके दिवस ही भारतीण भिंतीकडे तोंड करून बसत होती आणि आता तिचं तोंड थांबेना. दाइगाने ऐकून घेतलं.

‘‘असेल,’’ ती म्हणाली. ‘‘मी रीगाची. गाय मी टीव्हीवर बघते. आम्ही म्हणतो, म्हणून म्हणतो.’’

‘‘पण तू पंप लावण्याआधी काय करतेस?’’

‘‘गरम टॉवेलने पुसते. वरून खाली. नर्सने सांगितलंय ना आपल्याला?’’

सांगितलं होतं तर! पहिल्या दिवशी मराइकेने हातवारे करून दाखवलं होतं, छापील कागद दिला होता, भिंतीवर चित्रसुद्धा होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण मराइकेच्या सांगण्याला व्युत्पत्ती नव्हती. वल्लरीसारख्या माणसांचं हे असंच असतं. गरम पाण्याचा टॉवेल तिला फालतू वाटला होता, तोच आता एका क्रियापदाचा हात धरून आल्याबरोबर तिचा त्याच्यावर विश्वास बसला.

त्या दिवसापासून ती टॉवेल गरम करून घ्यायची आणि पुसायची. गळ्याखालून खाली, काखेपासून आत, हळू, पुन्हा पुन्हा. मनात तो शब्द म्हणायची. गोठ्यातली गाय, लोखंडी हात, शेकडो वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड गोठ्यात ओल्या हाताने कास पुसणारी बाई, सगळं तिच्या डोळ्यांपुढे यायचं. इतक्या दिवसांनी आपल्याला काहीतरी येतं, काहीतरी समजतं असं तिला वाटलं. बाटलीतली ओल जरा वाढली. दाइगा जाता-येता अंगठा दाखवायची. वल्लरी खोलीतून आता मुळीच हलेना. अद्वयने डबा आणला तर तोही आत.

आणि एका रविवारी दुपारी दूध आलं. आधी एक थेंब, मग दोन, मग थेंब मोजण्याची सोय उरली नाही. पिवळसर, दाट. वल्लरीला रडू फुटलं, पण हात पुसत राहिला, कारण हात थांबला तर हेही थांबेल अशी तिला धास्ती.

त्याच वेळी दारावर थाप पडली. अद्वय होता.

‘‘वल्लरी! वल्लरी, चल लवकर. त्याने डोळे उघडलेत!’’

‘‘काय?’’

‘‘बाळाने डोळे उघडलेत, दोन्ही! बघतोय तो. माझ्याकडे बघतोय. ये ना, ये पटकन.’’

‘‘थांब रे, दूध येतंय मला.’’

‘‘अगं, मिनिटभर ये!’’

‘‘आत्ता पंप काढला तर थांबेल, अद्वय. तू जा. तू बघ. मी आलेच.’’

बाहेरची पावलं परत गेली. ती आलेच म्हणाली, पण मग दुसऱ्या बाजूचं यायला लागलं आणि ते अर्धवट सोडणं तिच्याच्याने होईना. बाटली घेऊन ती पेटीपाशी पोचली तेव्हा बाळ झोपलं होतं. अद्वयच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की तिला त्याचा किंचित हेवा वाटला. ‘‘उद्या परत उघडेल,’’ तो म्हणाला. ‘‘आता काय, रोजच उघडेल. बघू, किती आलं?’’ तिने बाटली उजेडात धरून दाखवली. मराइकेने त्यातलं थोडं नळीतून बाळाला दिलं. त्याच्या पोटात आईचं दूध गेलं. त्या संध्याकाळी वल्लरीने कुमुदिनीबाईंना बाटली दाखवली आणि पुण्यात त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

पुढचे थोडे दिवस बाळ आईचं दूध पीत होतं. पण डोळे त्याने वल्लरीसमोर उघडले नाहीत. ती पेटीपाशी यायची ती दूध पोचतं करायला, आणि झोपलेलं पोर बघून परत खोलीत.

मग एका सकाळी त्याचं पोट फुगलेलं दिसलं. कातडीवर निळसर झाक. डॉक्टरांनी दूध ताबडतोब बंद केलं. आतडं कुजायला लागलं होतं. शस्त्रक्रियेचा विचार झाला, दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांशी बोलणं झालं, आणि ते शरीर कापण्याइतकं मोठंही नाही असं ठरलं. वल्लरीने एकच प्रश्न विचारला, ‘‘माझ्या दुधाने झालं का?’’ डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन्ही हात धरून सांगितलं की नाही, उलट दुधाने त्याला मदतच झाली, पण कधीकधी तेवढी पुरत नाही. डॉक्टरीणबाई खरं बोलत होत्या. वल्लरीला ते आजतागायत खरं वाटलेलं नाही.

डच इस्पितळात शेवट लपवत नाहीत. एका लहान खोलीत नेलं, पडदे ओढले, आणि मराइकेने विचारलं, ‘‘आता धरशील?’’

वल्लरीने ब्लाउजची बटणं सोडली. नळ्या एकेक करून काढल्या आणि पोर तिच्या छातीवर ठेवलं. एखाद्या रुमालाइतकंच त्याचं वजन लागत होतं. ऊबदार होतं. तोंड तिच्या बाजूला वळलं आणि लगेचच, कुठल्याही पंपाशिवाय, टॉवेलशिवाय, दोन्ही बाजूंनी दूध वाहायला लागलं. एवढं कधी आलं नव्हतं. पोटावरून ओघळ खाली गेले. बाळाचे केस भिजले. मराइके टॉवेल घेऊन पुढे झाली तर वल्लरी ओरडली, ‘‘पुसू नका!’’ मराठीतच ओरडली, पण मराइकेला कळलं. अद्वय गुडघ्यांवर बसून पोराची बोटं धरून होता. बाळाने डोळे उघडले नाहीत. किती वेळ ते तसे बसले ते दोघांनाही सांगता यायचं नाही. मग मराइकेने स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली.

आइंडहोवनला त्याला अग्नी दिला. पेटी एवढी लहान की अद्वयने ती एका हाताने उचलली असती, पण त्याने दोन हातांनी नेली. मराठी मंडळातल्या बायका आल्या, सगळ्या आलटूनपालटून स्वयंपाक पाठवत राहिल्या. इस्पितळातून फोन आला, फ्रिजमध्ये वल्लरीच्या नावाच्या बाटल्या आहेत, त्यांचं काय करायचं. दान करता येईल, टाकता येईल, घरी नेता येईल. अद्वयने फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, दान करा. फोन ठेवल्यावर ती इतका वेळ रडली की अद्वयला वाटलं, हे चुकलंच. पण तिला दानाचं दुःख नव्हतं. दूध बंद होत नव्हतं. रोज ब्लाउज भिजत होता आणि ते थांबवायचं कसं हे तिला कुठल्याच भाषेत माहीत नव्हतं.

कुमुदिनीबाईंना व्हिसा मिळाला तो त्यानंतर. आल्या. विमानतळावर मायलेकींनी एकमेकींना धरलं. दुपारी न्यूनेनच्या स्वयंपाकघरात त्यांनी बॅग उघडली आणि कपड्यांच्या खालून डबे निघायला लागले. डिंकाचे लाडू. खारकेची पूड. शतावरी. अळीवांची मोठी पिशवी. बाळ होतं तेव्हा भरलेली बॅग, मग कुणाला उपसायचं सुचलं नव्हतं. कुमुदिनीबाई डब्यांकडे बघत राहिल्या.

‘‘हे सगळं दूध यायचं आहे गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘थांबवायचं मला काही येत नाही.’’

‘‘असू दे आई.’’

‘‘मी तुला नको म्हणाले होते, बाहेर काढू नको म्हणून. मला काय ठाऊक होतं?’’

‘‘आई, नको. कुणालाच माहीत नव्हतं.’’

वल्लरीने चहा टाकला. कुमुदिनीबाई खुर्चीत बसल्या, पदराने तोंड पुसलं, आणि थोड्या वेळाने, आपल्याकडे कुठल्याही नव्या आजीने कुठल्याही बाळाबद्दल पहिल्यांदा विचारावं तसं, अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘‘कुणावर गेला होता गं? मी फोनवर पाहिला तो नुसत्या नळ्यांत. डोळे कुणाचे होते? तुझे, की अद्वयचे?’’

चहा उतू गेला. वल्लरीने गॅस बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

‘‘अद्वयला विचार,’’ ती म्हणाली. ‘‘त्याने पाहिलेत.’’